शंभरांत त्रेसष्ट : उगवण चाचणीतून समजून घेऊ झेड-चाचणी

परभणी जिल्ह्यात मृगाच्या आधी बहुतेक गावांत एक काम होतंच. सोयाबीनच्या बॅगेतून शंभर दाणे मोजून घ्यायचे, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत मांडायचे, गोणपाटाची गुंडाळी करून सावलीत ठेवायची आणि ओल टिकेल इतकं पाणी शिंपडत राहायचं. सातव्या-आठव्या दिवशी गुंडाळी उलगडून कोंब मोजायचे. प्रमाणित सोयाबीन बियाण्यासाठी उगवणीची किमान मर्यादा ७० टक्के आहे. समजा, तुमच्या गोणपाटात ६३ दाणे उगवले. मग बियाणं नापास झालं का?

गावात याची दोन उत्तरं मिळतात. एक जण म्हणतो, सत्तरला सात कमी म्हणजे बियाणं खराबच. दुसरा म्हणतो, शंभर दाण्यांत पाच-सात इकडे-तिकडे व्हायचेच. दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे, पण दोघांनीही हिशेब केलेला नाही. हा हिशेब म्हणजेच एका नमुन्याची झेड-चाचणी. बीएस्सीच्या किंवा बीएस्सी ॲग्रीच्या सांख्यिकीच्या पेपरात ती सूत्र आणि तक्ता म्हणून येते. विद्यार्थी सूत्रात आकडे भरतात, ‘शून्य परिकल्पना नाकारली’ असं लिहितात आणि गुण मिळवतात. आपण नेमकं काय नाकारलं हे मात्र अनेकांना सांगता येत नाही. परभणीच्या मुलांनी ती गोणपाटापासून शिकावी असं मला मनापासून वाटतं, कारण हा प्रश्न त्यांच्या घरात दरवर्षी उभा राहतो.

२०२० च्या खरिपात तो किती मोठा होऊ शकतो हे मराठवाड्याने पाहिलं. आदल्या हंगामात, २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये, काढणीला आलेलं सोयाबीन पावसात भिजलं होतं. पुढच्या जूनमध्ये उगवण न झाल्याच्या तक्रारींचा ढीग लागला, दुबार पेरणीची वेळ आली, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने या प्रकाराची स्वतःहून दखल घेतली. सोयाबीनच्या दाण्याचं आवरण पातळ असतं. मळणीयंत्राचा वेग जास्त असला, पोती उंचावरून आपटली किंवा थप्पी फार उंच लावली तरी आतला अंकुर दुखावतो आणि वरून काही कळत नाही. त्यामुळे या पिकात पेरणीआधी मोजून पाहण्याला पर्याय नाही.

हेलकावा किती, ते आधी ठरवा

आता त्रेसष्टकडे वळू. क्षणभर असं माना की बॅग खरोखर ७० टक्क्यांची आहे. बॅगेत लाखांनी दाणे असतात, त्यातले ७० टक्के उगवणारे. तुम्ही त्यातले फक्त शंभर उचललेत. दर वेळी बरोबर ७० उगवतील का? नाही. कधी ७३, कधी ६८, एखाद्या वेळी ६४. बॅग तीच, उचललेले दाणे मात्र दर वेळी वेगळे.

हे पटत नसेल तर वर्गात करून पाहा. सारख्या आकाराच्या दहा चिठ्ठ्या घ्या आणि सातांवर खूण करा. डब्यात हलवून एक काढा, खूण आहे की नाही ते लिहा, चिठ्ठी परत टाका, पुन्हा हलवा. असं शंभर वेळा केलं की एक आकडा मिळतो. वर्गातल्या प्रत्येक गटाने हे केलं तर फळ्यावर आकड्यांची एक रांग तयार होते. बहुतेक आकडे सत्तरच्या जवळ गोळा झालेले दिसतात आणि लांबचे आकडे विरळ होत जातात. आकृती काढली तर मधोमध उंच आणि दोन्हीकडे उतरती. पुस्तकातला प्रसामान्य वक्र तो हाच. तो एकदा असा स्वतःच्या हाताने तयार झालेला पाहिला की पुढचं सगळं सोपं जातं.

या विखुरण्याला माप आहे, त्याचं नाव प्रमाण त्रुटी. नावात त्रुटी असली तरी मोजताना कुणी चूक केली असा त्याचा अर्थ नाही. नमुना बदलला की आकडा साधारण किती हलतो, एवढंच ती सांगते. प्रमाणासाठी, म्हणजे ‘शंभरांत किती’ अशा प्रश्नासाठी, ती अशी काढतात : दाव्यातलं प्रमाण गुणिले उरलेलं प्रमाण, भागिले दाण्यांची संख्या, आणि आलेल्या उत्तराचं वर्गमूळ. आपल्या उदाहरणात ०.७० गुणिले ०.३० म्हणजे ०.२१. त्याला १०० ने भागलं की ०.००२१. वर्गमूळ ०.०४५८, म्हणजे सुमारे ४.६ टक्के.

याचा अर्थ असा की ७० टक्क्यांच्या चांगल्या बॅगेतूनही शंभर दाण्यांची चाचणी पुन्हा पुन्हा केली, तर साधारण दोन-तृतीयांश वेळा उत्तर ६५ ते ७५ च्या दरम्यान येईल आणि शंभरातल्या ९५ वेळा ६१ ते ७९ च्या दरम्यान. हा पट्टा बराच रुंद आहे. शंभर दाणे म्हणजे भक्कम पुरावा असं आपण धरून चालतो. तो तितका भक्कम नाही.

आता झेड काढणं म्हणजे एकच प्रश्न विचारणं : दावा आणि नमुना यांतलं अंतर प्रमाण त्रुटीच्या किती पट आहे? अंतर ६३ वजा ७०, म्हणजे उणे ७. त्याला ४.५८ ने भागलं की उणे १.५३. हाच झेड. उणे चिन्ह सांगतं की नमुना दाव्याच्या खाली आहे. १.५३ सांगतं की तो नेहमीच्या हेलकाव्याच्या दीडपट लांब आहे.

दीडपट म्हणजे फार का थोडं, हे तक्ता सांगतो. झेड उणे १.५३ च्या डावीकडचं क्षेत्रफळ ०.०६३० आहे. इथे परीक्षेत हमखास गोंधळ होतो. काही पुस्तकांच्या तक्त्यात शून्यापासून झेडपर्यंतचं क्षेत्रफळ दिलेलं असतं. तिथे १.५३ समोर ०.४३७० दिसेल, आणि ते ०.५ मधून वजा केल्यावर ०.०६३० मिळेल. काहींमध्ये डाव्या टोकापासूनचं क्षेत्रफळ असतं. पेपरला बसण्याआधी आपल्या तक्त्याच्या वरची छोटी आकृती पाहून घ्या, रंगवलेला भाग कोणता आहे ते तिथेच कळतं.

०.०६३० काय सांगतं

या आकड्याला पी-मूल्य म्हणतात आणि त्याचा अर्थ सर्वांत जास्त चुकवला जातो. ‘बॅग चांगली असण्याची शक्यता ६.३ टक्के’ असा त्याचा अर्थ नाही. अर्थ असा : बॅग खरोखर ७० टक्क्यांची असती, तर शंभर दाण्यांत ६३ किंवा त्याहून कमी उगवण्याचा प्रसंग शंभर चाचण्यांत सहा-सात वेळा आला असता. सुरुवात ‘असती तर’ने होते आणि हे ‘असती तर’ शेवटपर्यंत सोडायचं नसतं. त्या गृहीतकालाच शून्य परिकल्पना म्हणतात : बॅगेतली उगवण ७० टक्के आहे. तिच्या विरुद्धची पर्यायी परिकल्पना : उगवण ७० टक्क्यांहून कमी आहे.

असा प्रसंग किती दुर्मीळ असला म्हणजे आपण गृहीतक सोडायचं, ती रेषा म्हणजे सार्थकता पातळी. बहुतेक पुस्तकांत ती ५ टक्के असते. रोनाल्ड फिशर यांच्या १९२५ च्या पुस्तकानंतर हा आकडा रूढ झाला. तो निसर्गाचा नियम नाही, सोयीचा संकेत आहे. ५ टक्क्यांची एकतर्फी रेषा झेड उणे १.६४५ वर पडते. आपला उणे १.५३ रेषेच्या अलीकडे राहतो. म्हणून निकाल असा : ६३ उगवले एवढ्या पुराव्यावर, ५ टक्के पातळीवर, बियाणं ७० टक्क्यांच्या खाली आहे असं म्हणता येत नाही.

हे वाक्य जपून वाचा. ‘बियाणं ७० टक्क्यांचं आहे हे सिद्ध झालं’ असं ते म्हणत नाही. फौजदारी खटल्यात पुराव्याअभावी सुटलेला आरोपी निर्दोषच होता असं न्यायालय ठरवत नाही. दोष सिद्ध करण्याइतका पुरावा समोर आला नाही, एवढंच त्यातून कळतं. उत्तरपत्रिकेत ‘शून्य परिकल्पना स्वीकारली’ असं लिहिण्याऐवजी ‘नाकारण्याइतका पुरावा मिळाला नाही’ असं लिहा. शिक्षकांनीही याचा आग्रह धरावा.

शंभर दाण्यांसाठी नाकारण्याची सीमा कुठे पडते? ७० मधून १.६४५ गुणिले ४.५८ वजा केलं की ६२.५ च्या आसपास येतं. म्हणजे ६२ किंवा त्याहून कमी कोंब आले तर ५ टक्के पातळीवर दावा नाकारायचा. काटेकोर हिशेबात आणखी एक गोष्ट असते. दाणे पूर्ण संख्येत मोजतात, अर्धा दाणा उगवत नाही, म्हणून सलग वक्र वापरताना अर्ध्याची दुरुस्ती करतात. ती केली तर ६२ चा झेड उणे १.६४ वर येऊन रेषेच्या किंचित अलीकडे थांबतो. सीमेवरचा निकाल असा अर्ध्या दाण्यावर फिरत असेल, तर त्यावर वाद घालण्यापेक्षा आणखी दाणे लावावेत.

चारशे दाणे लावल्यावर

बीज परीक्षण प्रयोगशाळेत उगवणीसाठी शंभर दाण्यांवर भागत नाही. तिथे ४०० दाणे घेतात, शंभर-शंभरच्या चार भागांत. सोयाबीनची पहिली मोजणी पाचव्या दिवशी आणि शेवटची आठव्या दिवशी होते. चारशेच का, याचं उत्तर प्रमाण त्रुटीच्या सूत्रात आहे.

तोच ६३ टक्के निकाल ४०० दाण्यांवर आला असं समजू, म्हणजे २५२ कोंब. ०.२१ ला ४०० ने भागून वर्गमूळ काढलं की प्रमाण त्रुटी २.२९ टक्के येते, आधीच्या निम्मी. अंतर तेच उणे ७. झेड मात्र उणे ३.०६. पी-मूल्य ०.००११, म्हणजे हजारात एखाद्या वेळचा प्रसंग. आता दावा नाकारायला हरकत नाही, ५ टक्क्यांवरही आणि १ टक्क्यावरही. टक्केवारी अक्षरशः तीच असताना निकाल उलटला. ‘६३ टक्के’ हा आकडा किती दाण्यांवरून आला हे सांगितल्याशिवाय तो अर्धवट आहे.

दाणे चौपट केले तेव्हा हेलकावा निम्मा झाला, चतुर्थांश झाला नाही. वर्गमुळाचा हा हिशेब खर्चाच्या दृष्टीने महत्त्वाचा. शंभरावरून चारशेवर जाण्यात मोठा फायदा आहे आणि खर्च जेमतेम आणखी तीन गोणपाटांचा. त्यापुढे हेलकावा पुन्हा निम्मा करायचा तर सोळाशे दाणे लागतील. तेवढं घरी कोणी करू नये.

चुका दोन प्रकारच्या होतात. बॅग चांगली असताना ती नापास ठरवणं ही पहिली. ५ टक्के पातळी धरली की तिची शक्यता आपण जास्तीत जास्त पाच टक्क्यांवर रोखतो. बॅग खराब असताना ती पास ठरवणं ही दुसरी, आणि शेतकऱ्याला खरी मारते ती हीच. बियाण्याची खरी उगवण ६३ टक्के असेल, तर शंभर दाण्यांच्या चाचणीत ५ टक्क्यांच्या रेषेने ते पकडलं जाण्याची शक्यता निम्म्याहूनही कमी, सुमारे ४६ टक्के. चारशे दाण्यांत तीच शक्यता ९० टक्क्यांवर जाते. ‘आमच्या चाचणीत तर पास झालं होतं’ असं म्हणणाऱ्या शेतकऱ्याची मोजणी चुकलेली नसते. त्याच्या शंभर दाण्यांत खराबी पकडण्याची ताकदच अपुरी असते.

दोन प्रकारच्या चुकांचा हा विचार येर्झी नेमन आणि इगॉन पिअर्सन यांनी १९३० च्या दशकात लंडनमध्ये पक्का केला. त्याच काळात तिथल्या युनिव्हर्सिटी कॉलेजात एक मराठी विद्यार्थी डॉक्टरेट करत होता : सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे. पुढे विनायक गोविंद पानसे यांच्यासोबत त्यांनी शेतीतल्या प्रयोगांसाठी संख्याशास्त्रीय पद्धतींचं पुस्तक लिहिलं. भारतीय कृषी संशोधन परिषदेने ते १९५४ मध्ये प्रसिद्ध केलं, आणि कृषी विद्यापीठांत ‘पानसे-सुखात्मे’ म्हणून ते आजही हाताळलं जातं. पीक कापणी प्रयोगांसाठी यादृच्छिक नमुना निवडायची पद्धत भारतात रुजवण्यातही या दोघांचा मोठा वाटा आहे. आज पीकविम्यासाठी महसूल मंडळात उत्पादन ठरतं ते अशाच प्रयोगांवरून. संख्याशास्त्र आपल्या शिवारात फार आधीच येऊन बसलं आहे.

वजनाचा प्रश्न असेल तेव्हा

आतापर्यंतचा हिशेब ‘उगवलं की नाही’ असा होता. अभ्यासक्रमात झेड-चाचणी बहुतेक वेळा सरासरीसाठी शिकवतात, म्हणून तेही पाहू. समजा, मानवत तालुक्यातला एक बचत गट तूरडाळीची एक किलोची पाकिटं भरतो. यंत्रावरच्या जुन्या नोंदींवरून गटाला माहीत आहे की पाकिटांच्या वजनाचं प्रमाण विचलन ६ ग्रॅम आहे. यंत्राची दुरुस्ती झाल्यावर त्यांनी ३६ पाकिटं तोलली, सरासरी ९९७.६ ग्रॅम आली. यंत्राची मांडणी सरकली आहे का?

इथे प्रमाण त्रुटी म्हणजे प्रमाण विचलन भागिले पाकिटांच्या संख्येचं वर्गमूळ : ६ भागिले ६, म्हणजे १ ग्रॅम. झेड म्हणजे ९९७.६ वजा १०००, भागिले १, म्हणजे उणे २.४. वजन कमी झालं तर गिऱ्हाइकाचं नुकसान आणि जास्त झालं तर गटाचं, म्हणून गटाचा प्रश्न दुतर्फी आहे. दुतर्फी ५ टक्क्यांची रेषा १.९६ वर असते. २.४ तिच्या पलीकडे आहे, दोन्ही बाजू मिळून पी-मूल्य ०.०१६४. यंत्राची मांडणी तपासायलाच हवी.

या उदाहरणात विद्यार्थी एक चूक सर्रास करतात : उणे २.४ ला ६ ने भागतात आणि झेड उणे ०.४ लिहितात. ६ ग्रॅम हा एका पाकिटाचा हेलकावा आहे. आपण तपासतोय ती ३६ पाकिटांची सरासरी, आणि सरासरी एका पाकिटापेक्षा खूप कमी हलते, कारण कमी-जास्त वजनं एकमेकांना सांभाळून घेतात. एखादं पाकीट ९९० ग्रॅमचं निघालं तर त्यात नवल नाही. ३६ पाकिटांची सरासरी ९९० आली तर यंत्र त्याच क्षणी थांबवावं. वेष्टित वस्तूंच्या २०११ च्या नियमांतही हाच भेद आहे : एका किलोच्या एकेका पाकिटाला १५ ग्रॅमपर्यंतची तूट चालते, पण तपासलेल्या पाकिटांची सरासरी छापलेल्या वजनाखाली जाऊन चालत नाही.

एकतर्फी की दुतर्फी, हे आकडे पाहण्याआधी ठरवायचं. आकडा खाली आलेला पाहून ‘आता एकतर्फी घेऊ’ असं ठरवणं म्हणजे रेषा आपल्या सोयीने सरकवणं.

हा हिशेब झेड-चाचणीत बसला, कारण ६ ग्रॅम हे विचलन जुन्या नोंदींवरून आधीच माहीत होतं. तशा नोंदी नसतील आणि विचलनही त्याच थोड्या पाकिटांवरून काढलं असेल, तर अनिश्चितता वाढते आणि तिथे टी-चाचणी लागते. आयर्लंडच्या गिनेस मद्यनिर्मिती कंपनीत काम करणाऱ्या विल्यम गॉसेट यांनी १९०८ मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावाने ती मांडली. दहा पाकिटांवर दुतर्फी ५ टक्क्यांची रेषा १.९६ वरून २.२६२ वर जाते. नमुना ३० पेक्षा मोठा असेल तर फरक किरकोळ उरतो, म्हणून पदवीच्या बऱ्याच पुस्तकांत मोठ्या नमुन्याला सरळ झेड वापरतात. पेपरात ‘समष्टीचं प्रमाण विचलन’ दिलंय की ‘नमुन्याचं प्रमाण विचलन’, हे शब्द नीट वाचा. कोणती चाचणी लावायची ते त्या शब्दांत असतं.

उगवणीच्या प्रश्नात विचलन वेगळं माहीत असावं लागत नाही, कारण दाव्यातलं ७० टक्के प्रमाणच ते ठरवतं. तिथे दुसरी अट असते : उगवणाऱ्या आणि न उगवणाऱ्या, दोन्हींची अपेक्षित संख्या किमान पाच, शक्यतो दहा असावी. शंभर दाण्यांत ती ७० आणि ३० आहे, काहीच अडचण नाही. कुणी वाटीत दहाच दाणे भिजवून सहा उगवले म्हणत असेल तर झेडचा विचारही करू नका. द्विपद वितरणाने पाहिलं तर ७० टक्क्यांच्या चांगल्या बियाण्यातही दहापैकी सहा किंवा कमी उगवण्याची शक्यता ३५ टक्के आहे. दहा दाण्यांवरून बॅगेबद्दल काही बोलता येत नाही.

सूत्राला न दिसणाऱ्या गोष्टी

सूत्र असं धरून चालतं की बॅगेतल्या प्रत्येक दाण्याला निवडलं जाण्याची सारखी संधी होती. ही अट हाताने पाळावी लागते, आणि माझ्या मते चाचणी इथेच बिघडते, गणितात नाही. बॅगेचं तोंड उघडून वरची मूठ घेतली तर वरचेच दाणे येतात. वाहतुकीत हलून फुटके आणि बारीक दाणे खाली जातात. म्हणून बॅगेच्या वरून, मधून आणि तळातून थोडं थोडं बियाणं काढा, ताडपत्रीवर एकत्र करून चांगलं मिसळा आणि त्यातून दाणे मोजा. मोजताना टपोरे दाणे निवडू नका. बोटं नकळत चांगल्या दाण्याकडे जातात, म्हणून ढिगाची एक बाजू धरून जसे येतील तसे शंभर मोजा.

एकाच लॉटच्या पाच बॅगा असतील तर चारशे दाणे एकाच बॅगेतून घेऊ नका. बॅगाबॅगांत फरक असू शकतो, एखादी ट्रकमधून आपटलेली असते. एका बॅगेतले चारशे दाणे त्या बॅगेबद्दलच बोलतील. लॉटबद्दल निष्कर्ष काढला तर खरा हेलकावा सूत्राने दिलेल्या २.२९ पेक्षा मोठा असेल आणि आपला झेड उगाच आत्मविश्वास दाखवेल.

गोणपाटात पाणी जास्त झालं तर चांगला दाणाही कुजतो. टोक फुटलं म्हणजे उगवला असं मोजू नका. मूळ आणि कोंब दोन्ही धड असलेलाच मोजा. गोणपाटातल्या चुका झेडला कळत नाहीत. त्याला आकडा मिळतो आणि तो निमूट भागाकार करतो.

पेरणी करायची की नाही

५ टक्क्यांच्या रेषेत संशयाचा फायदा बॅगेवर ७० टक्क्यांचा दावा करणाऱ्या टॅगला मिळतो, कारण आपण सुरुवातच ‘टॅग खरा आहे’ असं धरून केली. तक्रार करायची असेल, कुणावर ठपका ठेवायचा असेल, तेव्हा हे योग्यच आहे. स्वतःच्या शेतात काय पेरायचं हा प्रश्न मात्र वेगळा आहे. तिथे चांगली बॅग उगाच बदलली तर थोडी धावपळ होते. खराब बॅग पेरली तर हंगाम जातो. अशा वेळी शेतकऱ्याने १० टक्क्यांची पातळी धरली तर मला ती चूक वाटत नाही. १० टक्क्यांची रेषा उणे १.२८ वर असते आणि आपला उणे १.५३ तिच्या पलीकडे जातो : बॅग संशयास्पद. अट एकच, ही पातळी गुंडाळी उलगडण्याआधी ठरवायची आणि वहीत लिहून ठेवायची.

खरं तर पेरणीसाठी ‘हो की नाही’पेक्षा ‘किती’ हा प्रश्न जास्त कामाचा, आणि त्याचं उत्तर झेड-चाचणीत नाही, विश्वास अंतरालात आहे. शंभरांत ६३ आले तर ९५ टक्के विश्वास अंतराल सुमारे ५३.५ ते ७२.५ येतो. खरी उगवण यात कुठेही असू शकते. चारशेवर तोच अंतराल ५८.३ ते ६७.७ इतका आवळतो. या अंतरालासाठी प्रमाण त्रुटी काढताना ०.७० ऐवजी नमुन्यातलं ०.६३ वापरतात, कारण इथे कोणताही दावा गृहीत धरलेला नाही.

७० टक्के उगवणीला एकरी ३० किलो बियाण्याची शिफारस आहे. उगवण ६३ धरली तर ३० गुणिले ७० भागिले ६३, म्हणजे सव्वातेहतीस किलोच्या थोडं वर. सत्तरच्या खाली प्रत्येक टक्क्याला एकरी अर्धा किलो वाढवा, हा कृषी विभागाचा ठोकताळा साडेतेहतीस किलो सांगतो. दोन्ही जवळपास एकच. अंतरालाचं खालचं टोक ५३.५ असल्याने शंभर दाण्यांवर थांबून पेरणी करण्यात जोखीम आहे. पेरणीयोग्य पाऊस, म्हणजे ७५ ते १०० मिलिमीटर, व्हायला अजून आठवडा असेल तर आणखी तीनशे दाणे लावा. पहिले शंभर धरून चारशेचा एकत्र हिशेब करा. हवा तो निकाल येईपर्यंत थोडे थोडे दाणे वाढवत राहू नका, नाहीतर ५ टक्क्यांच्या हमीला अर्थ उरत नाही.

घरचं बियाणं वापरणाऱ्यांसाठीही हेच लागू आहे. सोयाबीनमध्ये स्वपरागीभवन होतं, त्यामुळे दरवर्षी नवी बॅग घ्यायची गरज नसते. परभणीच्या कृषी विद्यापीठाचे एमएयूएस ७१, १५८, १६२ किंवा ६१२ यांसारखे वाण कित्येक जण घरी राखतात. घरच्या बियाण्याला टॅग नसतो, म्हणून तिथे कुणाचा दावा तपासायचा नसतो. तिथे झेड-चाचणी सोडा आणि सरळ अंतराल काढून बियाण्याचं प्रमाण ठरवा.

विकतची बॅग चाचणीसाठी फोडतानाच तळाकडून फोडा, म्हणजे वरची शिवण आणि टॅग शाबूत राहतात. पावती, टॅग, पिशवी आणि थोडं बियाणं पीक निघेपर्यंत जपून ठेवा. तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे तक्रार करताना ‘बियाणं बोगस आहे’ एवढंच लिहू नका. लॉट क्रमांक, दाणे किती बॅगांतून आणि कसे घेतले, किती लावले, कितव्या दिवशी मोजले आणि किती उगवले, हे लिहा. ‘४०० पैकी २५२, आठवा दिवस, चार बॅगांतून प्रत्येकी शंभर’ अशी एक ओळ वाचणाऱ्या अधिकाऱ्याला पुढचा भागाकार स्वतः करता येतो. अधिकृत निकाल प्रयोगशाळेतल्या नमुन्यावरच ठरेल, घरच्या गोणपाटावर नाही. पण नमुना लवकर काढायला लावण्यासाठी ही ओळ उपयोगी पडते.